मधल्या बाकाचा खळगा

सोमवार
पोचलो एकदाचा! आमच्या हिचं माहेर ह्याच गावचं, म्हणून काम डोळे झाकून घेतलं. ही जाऊन वर्ष झालं. लहानपणी पाय मोडला होता तिचा. तो सरळ व्हावा म्हणून लग्न होईस्तोवर रोज ह्याच चर्चमध्ये गुडघे टेकायची, सगळा भार एका गुडघ्यावर. पाय काही सरळ झाला नाही. नवरा मात्र सरळ मिळाला, म्हणायची.

चर्च जुनं, पण थाट काय! रंगीत काचा, बाप्तिस्म्याचं दगडी कुंड, पितळी मेणबत्तीदाण्या, बाकांच्या टोकांना कोरलेली द्राक्षं, तोडून खावीत अशी. मी सुतार, माझं काम गुडघे टेकायच्या फळ्यांचं. पिढ्यान्‌पिढ्या टेकून खळगे पडलेत. ते भरून, रंधा मारून सपाट करायचे.

मंगळवार
कोपऱ्यातल्या फळीपासून सुरुवात केली. पितळ घासणाऱ्या मावशी म्हणाल्या, हा खळगा आमच्या ह्यांचा, तेवढा राहू दे. नवरा वारलाय त्यांचा. मी म्हटलं, फादरना सगळंच सपाट हवंय, माझ्या हातात काय आहे? भुसा-सरस भरून टाकला. मावशी तोंड फिरवून रडल्या. जेवण गेलं नाही मला.

बुधवार
मधल्या बाकाचा खळगा भरला. विचित्रच होता, डावीकडे वाटीएवढा खोल, उजवीकडे नुसता घासल्यासारखा. सरस छान बसला.

संध्याकाळी मावशींच्या घरी गेलो, चुकलं माझं म्हणालो. त्या हसल्या.

"कुणाचा खळगा? माझं लग्नच कुठे झालंय?"

मागे भिंतीवर दोघांचा लग्नातला फोटो होता.

गुरुवार
मावशींचा सरस काल संध्याकाळपर्यंत वाळला होता. म्हणून त्या नवऱ्याला विसरल्या — आणि मधला बाक. डावीकडे खोल. अरे देवा, एका गुडघ्यावर भार देऊन तिथे —

माझ्याच हातांनी भरला मी. पटाशीने उकरतोय, निघत नाही. तिथे आता अखंड लाकूड आहे. हिचं हसू आठवतंय. आवाज नाही आठवत.

शुक्रवार
हिचं नाव लिहून ठेवायला बसलो. आठवेना. जन्मभर ही, ही करत राहिलो, नावाने हाक कधी मारलीच नाही. आता मारायचीय तर —

शनिवार
बोटं सोलली. उकरतोय. कशासाठी ते —

मागचं पान वाचलं. कुणाच्या तरी पायाचं लिहिलंय. अक्षर माझंच. वाचून रडू आवरत नाही.

नवरा मात्र सरळ मिळाला — कोण म्हणायचं हे? फार आपलं कुणीतरी —