वजन उतरलं म्हणून वाटलेले पेढे

प्रिय दादा,

तू गेल्यापासून मनातल्या मनात तुझ्याशी भांडतेच आहे, पण कागद कधी हातात घेतला नव्हता. आज घेतला, कारण आज सांगलीच्या डॉक्टरांनी मला इन्सुलिन सुरू करायला सांगितलं. हो, मलासुद्धा! तुझीच बहीण ना मी? तसंच अंग आणि तीच साखर.

सकाळी उपाशीपोटी त्यांनी मला खाटेवर आडवं केलं, डोक्यावर प्लास्टिकचा पारदर्शक घुमट ठेवला आणि म्हणाले, "झोपायचं नाही, हलायचं नाही. नुसतं पडून राहा." पडल्या पडल्या शरीर किती जाळतं, ते श्वासावरून मोजायचं यंत्र होतं ते. जन्मभर 'बसून खाते' असं ऐकत आलेली मी. मला वाटलं, भोपळाच निघणार!

पण डॉक्टर वेगळंच सांगायला लागले. खूप जाड माणसाला साखर असली आणि ती ताब्यात नसली, की नुसतं पडून असतानाही त्याचं शरीर, तेवढ्याच जाड पण साखर नसलेल्या माणसापेक्षा, बहुतेक वेळा थोडं जास्त जाळतं. शिवाय लघवीतून साखर वाहून जाते ती वेगळीच. औषधानं साखर आटोक्यात आली की हे जास्तीचं जळणं कमी होतं, वाहणं थांबतं, मग वजन थोडं वाढू शकतं. "तेव्हा घाबरून सुई बंद करू नका," म्हणाले.

दादा, मी तिथंच रडायला लागले. डॉक्टर गोंधळले. त्यांना तू कुठं माहीत!

तुला हे कुणी नीट समजावलं असतं तर लगेच कळलं असतं रे. मदुराईत सोनं गाळायच्या भट्टीपुढं तुझी हयात गेली. माल नसला तरी पेटती भट्टी कोळसा खातेच, हे तूच मला सांगितलं होतंस ना?

गावाच्या जत्रेत लोकांनी तुला काय कमी छळलं? "आला रं आला, गाडीत मावला कसा!" तू हसायचास, आणि अर्ध्या ताटावरून उठायचास. मग एका वर्षी आलास तो शर्ट ढगळ झालेला. देवळापुढच्या पारावर सगळे गोळा! "गड्या, लय बारीक झालास की! काय केलंस रं?"

"काय न्हाई, आपोआप उतरलं," तू म्हणालास. केवढा खूश होतास! आईनं तर पेढे वाटले. तू तांब्यामागून तांब्या पाणी पीत होतास, ते आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही.

पुढं साखर सापडली, इन्सुलिन सुरू झालं आणि वजन परत चढलं. फोनवर किती चिडलास! "शाले, ही सुई मला फुगवतीया." मागून वहिनी विनवत होती, "आवं, घ्या की. डाक्टर काय येडं हाईत व्हय?"

जत्रा जवळ आली आणि तू गुपचूप सुई सोडलीस. पुन्हा बारीक होऊन आलास, पुन्हा पाठीवर थापा घेतल्यास. मदुराईला परत गेल्यावर ताप आला काय, साखर भडकली काय, तू शुद्धीवर आलाच नाहीस.

कुणासाठी रे? वर्षातून एकदा भेटणाऱ्या माणसांसाठी? मला तुझा राग येतो दादा, फार राग येतो. आणि त्यांना तरी काय बोलू? त्यांनी मायेनंच थोपटलं होतं तुला. वहिनी आता मदुराईचं तुझं भट्टीचं दुकान एकटीच सांभाळते.

ऐक. मी उद्यापासून सुई घेणार आहे. चालेन, जेवण सांभाळेन, पण काटा वर गेला म्हणून सुई सोडणार नाही. आणि जत्रेला जाणार, जशी असेन तशी. पारावर कुणीतरी म्हणेलच, "शालन, लय जाड झालीस की गं!"

तेव्हा तुझ्यासारखी नुसती हसणार नाही मी. तोंडावर सांगणार, "व्हय, झाले. मला जगायचं हाय."

तुझीच,
शालन