पाठमोरी माणसं

४ सप्टेंबर, सोमवार

रांगेत घुसणाऱ्याचं चित्र आज फळ्यावर लावलं. कोपरं बाहेर काढून गर्दी कापत चाललेला माणूस, खाली ओळ — ‘मला फक्त एकच विचारायचंय.’ दवाखान्याच्या हॉलमध्ये हशा. सगळ्यात मोठ्याने हसला तो सोनेरी घड्याळवाला. हसून झालं, डोळे पुसले, आणि म्हाताऱ्या माणसांना ओलांडून थेट खिडकीत डोकं घातलं — “मला फक्त एकच विचारायचंय.”

मोठ्या डॉक्टरांची अट अशी — दर सोमवारी एक चित्र, लोकांना जरा वळण लागेल असं, पण चेहरा काढायचा नाही. “चेहरा काढलास की भांडण माझ्या केबिनपर्यंत येतं.” म्हणून माझी सगळी माणसं पाठमोरी. पण त्याचा परिणाम असा की चित्रात जो तो शेजाऱ्याला ओळखतो. स्वतःची पाठ पाहिलीय कुणी?

५ सप्टेंबर

काचेची खोली. आत मी, माइक आणि नंबर पुकारायची घंटी. दाराला कडी नाही तरी कोंडल्यासारखंच — उठलो की नंबर थांबतो, नंबर थांबला की लोक काच बडवतात. दादा इथे हिशेबनीस, त्याच्या शब्दावर मला घेतलं. म्हणजे इथेही दादा, घरीही दादा. जेवताना माझ्याकडे न बघता वहिनीला म्हणाला, “अर्ध्या इंजिनीअरला भाजी वाढ.” सरांशी भांडून कॉलेज सोडलं ते सोडलं, पण रोज ताटात तेच वाढतात. ताट सारून उठणार होतो. वहिनी म्हणाली, “भाऊजी, बसा. आणि निदान जेवताना तरी ती कानावरची पेन्सिल काढत जा.” भूक होती. बसलो.

एकच बरं आहे. काचेतून समोरच औषधांची खिडकी दिसते. तिथे बसणारी ती गोळ्यांचं पाकीट दुमडते, घडीवरून नख फिरवते, मग देते. तेवढ्यावर माझा दिवस निघतो.

७ सप्टेंबर

आजही तिच्याच बसने गेलो. आमचं घर उलट्या दिशेला, असू दे. ती पुढे बसली, मी मागे. बोललो नाही. बोलायचं काय त्यात? तिला कळतंच असणार.

११ सप्टेंबर

फोनवर ओरडून बोलणाऱ्याचं चित्र. सफाईवाल्या मावशी झाडू टाकून हसल्या — “अगदी आमचे जावईबापू!” जावईबापूंना मी पाहिलेलं नाही, पण मावशींचा फोन आला की वरच्या मजल्यावरचे पेशंट उठून बसतात.

१२ सप्टेंबर

बॅगवाला आला होता. औषध कंपनीचा माणूस, काळी बॅग, चकचकीत बूट. खिडकीवर कोपर टेकून काहीतरी सांगत होता. ती हसली. माझ्याकडे बघून ती एकदाही तशी हसलेली नाही.

माइक समोरच होता. म्हणालो, “औषधांच्या खिडकीसमोर कामाशिवाय उभं राहू नये. काळ्या बॅगवाले, तुम्हालाच सांगतोय.” सगळा हॉल वळला. पुढे दिवसभर तिने मान वर केली नाही. लाजली असणार. तिच्यासाठी कुणीतरी बोललं, हे तिला कळलं.

दादाने जिन्यात गाठलं. “माइक दिलाय तो नंबर पुकारायला. तुझी लाज नाही तर निदान माझी ठेव.” मी भिंतीवर मूठ आपटली. हात सुजलाय, अक्षर वाकडं येतंय.

१४ सप्टेंबर

तिने बदली मागितली! वरच्या औषधांच्या गोदामात. खोकी, ट्यूबलाइट आणि बंद हवा. तिथे कोण आपणहून जातं? मावशी म्हणाल्या, “पोरीला कुणीतरी त्रास देतंय. नाव घेत नाही.” आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. मी काय करतो ते बघत असणार.

नाव मला ठाऊक आहे. परवा तो बसमध्येही होता, स्वतःची स्कूटर असून! ती वर गेली तर मी या काचेत काय बघत बसू? उद्या आला तर त्याची बॅग गटारात.

१५ सप्टेंबर

बॅगवाला आला नाही. त्याचं नशीब.

पण ती आली. माझ्या खोलीच्या दाराशी. आत मात्र आली नाही, दार एका हाताने धरून उभी राहिली.

“एक विषय आहे. चित्र काढाल?”

“सांगा ना.”

“एक माणूस आहे. एका बाईकडे दिवसभर बघत बसतो. ती ज्या बसने जाते त्याच बसने जातो. तिच्याशी कुणी बोललं की याचं डोकं फिरतं. तिने कधी काही म्हटलेलं नाही, याने मात्र मनात सगळं ठरवून टाकलंय.”

म्हणालो, “मोठ्या डॉक्टरांना नाव सांगा. नाहीतर मला सांगा.”

“नाव नको. नोकरी जाईल त्याची. चित्रावरून समजला तर बरं.”

त्याचीही काळजी! असं मन असावं माणसाचं.

“आणि नाही समजला तर?”

“मग मी वर जाते.”

नंबर थांबला होता. लोक काच बडवत होते. बडवू दे म्हटलं.

१६ सप्टेंबर

आजवरचं माझं सगळ्यात चांगलं चित्र. बसमध्ये मागच्या सीटवर पाठमोरा माणूस. त्याच्या नजरेच्या रेषांचा पिंजरा झालाय, आणि पिंजऱ्यात पुढच्या सीटवरची बाई. माणसाच्या शेजारी काळी बॅग, तिचं तर बक्कलसुद्धा हुबेहूब. सोमवारी लावायच्या आधी तिला दाखवलं. ती पिंजऱ्याकडे खूप वेळ बघत राहिली.

“काढलंय अगदी खरं,” ती म्हणाली. “ही बॅग कशाला?”

“ओळखू यावा म्हणून.”

तिने कागदाची घडी घातली, घडीवरून नख फिरवलं. “घरी नेते. सोमवारी सकाळी देईन.”

माझं चित्र तिच्या घरी! रविवार कसा काढायचा?

१८ सप्टेंबर, सोमवार

तिने काचेखालून चित्र सरकवलं आणि गेली. बॅग खोडलेली. पाठमोऱ्याच्या कानावर पेन्सिल काढलेली.

हात वर नेला. होती.

चित्र मीच फळ्यावर लावलं. सगळे हसले. बॅगवालाही हसला. मावशी तेवढ्या हसल्या नाहीत.

संध्याकाळी तिची बस सुटेपर्यंत काचेतच बसून राहिलो. मग उलट्या दिशेला चालत निघालो. आमचं घर इकडेच आहे.