प्लग पांढरा निघाला

कोथरूड, पुणे
१२ मे २००४

प्रिय अस्मिता,

पत्र बघून दचकू नकोस. तब्येत ठणठणीत आहे, घर जागेवर आहे. तीन रविवार झाले, तुझा फोन नाही. मी दहाच्या ठोक्याला फोनपाशी खुर्ची ओढून बसतो आणि साडेअकराला उठून भात टाकतो. तो अजून दोघांचाच पडतो. तुझी आई जाऊन दीड वर्ष झालं, पण हाताला माप बदलता येत नाही. उरलेला रात्री फोडणी घालून खातो. फार वाईट होतो.

दोनदा मीच तुझा बंगलोरचा नंबर फिरवला आणि घंटी वाजायच्या आत ठेवून दिला. का, ते सांगतो. पण त्याआधी सर्जेरावाच्या करवतीचं सांगायला हवं. आलं बाबांचं मशीनपुराण, म्हणशील. म्हण.

कात्रजचा सर्जेराव आठवतो ना, झाडं छाटायची कामं घेणारा, ज्याच्या टेम्पोत बसायला तू रडायचीस? त्याची ती पिवळी जर्मन पेट्रोल-करवत तुझ्याहून वयाने मोठी आहे. पावसाळ्याआधी सोसायट्यांच्या फांद्या उतरवायच्या, आणि ऐन मे महिन्यात ती अडून बसली. सुरू व्हायची, पण नुसती भकभक. रेस दिली की गुदमरायची. दोन मेकॅनिकांनी भंगारात घाला म्हणून सांगितलं. मग स्वारी माझ्याकडे. गॅरेज बंद करून मला तीन वर्षं झाली, हे त्याला मान्यच नाही. दिगूकाकांचा कान आहे तोवर गॅरेज आहे, म्हणतो. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला.

बाल्कनीत पेपर पसरून बसलो. टाकीतलं पेट्रोल दिवाळीपासूनचं, वार्निशसारखा वास. ते ओतून दिलं आणि ताजं, मोजून ऑइल घातलेलं भरलं. हवेच्या जाळीत भुसा गच्च बसला होता. ठिणगीचे पॉइंट काळे पडलेले, ते घासले, प्लग नवा घातला. तरी भकभक आहेच. कार्बोरेटर उघडला तर आतला रबरी पडदा पापडासारखा कडक झालेला. त्यासाठी नाना पेठेत दोन दिवस वणवण केली. एका दुकानदाराने तर मशीनचा नंबर ऐकून सांगितलं की याचे पार्ट सोडाच, याचे मालकसुद्धा आता मिळत नाहीत. शेवटी दुसऱ्या मशीनचा पडदा कापून बसवला. पाच दिवस कसे गेले कळलं नाही. दीड वर्षात पहिल्यांदा मला सकाळी उठायची घाई होती.

राहिला फक्त पेट्रोल कमी-जास्त करायचा स्क्रू. तो कानाने लावायचा. उभं आयुष्य मी तेच केलं. सर्जेरावाला बोलावलं, खाली पार्किंगमध्ये करवत सुरू केली. अजून भरड आवाज. मी स्क्रू पाव फेरा आवळला. तरी भरडच. अजून आवळला. वर बघतो तर सर्जेराव दोन्ही कानांवर हात ठेवून काहीतरी ओरडतोय, गॅलऱ्यांत माणसं जमलेली. त्याने पुढे होऊन बटण बंद केलं. म्हणाला, मशीन कधीचं गोड चालत होतं, तुम्ही पिळून पिळून किंचाळायला लावलंत.

मी चिडलो. त्याला अक्कल नाही म्हणालो, तेही चारचौघांत. मग प्लग काढून बघितला. कॉफीच्या रंगाचा निघायला हवा होता, निघाला पांढराफटक. म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं. आणखी दोन मिनिटं चालवली असती तर पिस्टन चिकटून करवत कायमची गेली असती. प्लग खोटं बोलत नाही, अस्मिता. मशीनचा बारीक, उंच आवाज मला ऐकूच येत नव्हता. बिघाड करवतीत नव्हता.

सर्जेरावाने स्क्रू स्वतः मागे घेतला. चहा न पिता गेला नाही, आणि जाताना माझ्या पाया पडला. तो गेल्यावर मी फोनकडे बघत बसलो.

वर्षभर मी त्या फोनला शिव्या घालतोय. लाइनमनला दोनदा बोलावून झापलं, बुधवार पेठेतून नवा फोन आणला, तोही उघडून साफ केला. तुझा आवाज आईसारखा, बारीक. मला त्यातले सूर ऐकू येत होते, शब्द येत नव्हते. आई होती तेव्हा ती फोन घ्यायची आणि मला सगळं सांगायची, म्हणून माझं झाकून गेलं. ती गेल्यावर मी आपला हं, छान, जपून राहा, यावर भागवत होतो. मला वाटलं, खपतंय.

अठरा एप्रिलच्या रविवारी तू बराच वेळ बोललीस. मी घड्याळ बघत होतो, अकरा मिनिटं झाली. मध्ये आवाज कापत होता. हसत होतीस की रडत होतीस, मला कळलं नाही. पुन्हा सांग म्हणायची लाज वाटली. तू थांबलीस तेव्हा मी म्हणालो, छान झालं. त्यावर तू फोन ठेवलास.

काय सांगितलंस गं मला? मी कशाला छान म्हणालो? वाईट असेल तर तो शब्द मी परत घेतो, तुझी माफी मागतो. चांगलं असेल तर मला नीट आनंद करू दे, तो माझा राहून गेलाय. कान तपासायला शुक्रवारी जातोय, पण तेवढं थांबू नकोस. सगळं लिहून पाठव, पहिल्यापासून. डोळे अजून शाबूत आहेत.

तुझाच,
बाबा