तांदळाच्या डब्यातलं विमान

रविवार, १४ सप्टेंबर

आज पाचूबंदरला जाऊन आलो, ऋतिकाच्या होणाऱ्या सासरी. साखरपुडा २८ तारखेला. तयारी माझ्याच देखरेखीखाली चालू आहे. काल केटररला फोन करून मेनूत थोडी सुधारणा केली. परवा डेकोरेटरला रंगसंगती समजावून सांगितली. त्याने नंतर ऋतिकाला फोन करून 'हे गृहस्थ कोण?' असं विचारलं म्हणे. हल्लीच्या लोकांना मार्गदर्शन सोसत नाही.

पाचूबंदरला ऋतिका, होणारा जावई एरॉल आणि एरॉलची आई फेलिशियाबाई यांची स्वयंपाकघरात बराच वेळ कुजबुज चालली होती. मग एरॉलचे वडील अँथनी बाहेर आले ते एक खोका घेऊन. मिग-२१ विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल. भाग जोडायचे आणि रंगवायचे. म्हणाले, तुमी पयल्या भेटीत बोललेले ना, विमानं बनवता म्हनून? मग हे तुमीच करा, साखरपुड्याला स्टेजजवळ टेबलावर ठेवू.

अँथनी हवाई दलात होते. आयुष्यभर खऱ्या विमानांना रंग दिला, आता मोतीबिंदू. अशा माणसाने माझ्या हातात मिग द्यावं! पहिल्या भेटीत मी तसं बोललो होतो खरं. बोलण्याच्या ओघात. आठवीत मी थर्माकोलचं ग्लायडर केलं होतं आणि ते शेजारच्या गच्चीवर जवळजवळ पोचलं होतं. म्हणजे अनुभव आहेच.

येताना ऋतिका म्हणाली, बाबा, आता फक्त यातच लक्ष घाला, बाकीचं आम्ही बघतो. मुलीचा बापावर एवढा विश्वास हल्ली कुठे दिसतो?

सोमवार, १५ सप्टेंबर

संकल्प: रोज ऑफिसातून आल्यावर एक तास. शनिवारपर्यंत विमान तयार. पुढचा आठवडा राखीव, कौतुक ऐकायला.

खोक्यात सूचनांचं पुस्तक आहे. ते नवशिक्यांसाठी असतं. कपाटावर टाकलं.

ऋतिकाची आई जयवंती म्हणाली, पितृपक्षात नवीन काम हाती घेऊ नये. मी म्हटलं, खोका अँथनींनी आणला, म्हणजे सुरुवात त्यांनी केली आणि त्यांच्यात पितृपक्ष नाही. ती कणीक मळत राहिली.

मंगळवार, १६ सप्टेंबर

जोडणी पूर्ण. डावा पंख उजव्यापेक्षा किंचित वर आहे. विमान वळताना असंच दिसतं. सांध्यात फट राहिली ती घराच्या रंगकामातली उरलेली लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवली.

कॉकपिटची काच इन्स्टंट गमने चिकटवली. गमच्या वाफेने ती आतून पांढरी झाली. आता पायलट दिसत नाही. बरंच झालं. पायलट उलटा बसला होता.

गुरुवार, १८ सप्टेंबर

हार्डवेअरवाल्याकडून चंदेरी स्प्रेचा डबा आणला. बाल्कनीत फवारणी. वारा फिरला. तुळस एका बाजूने चंदेरी झाली. दिसायला वाईट नाही, पण जयवंतीला पटत नाही.

विमानावर रंग जरा सढळ पडला. पंखाखालून ओघळ आले. लांबी मध्येच सुटून पडली.

संध्याकाळी अँथनींचा फोन. कसं काय चाललंय? मी म्हटलं, फिनिशिंगला आहे. ते म्हणाले, पयला हात पातळ द्यायचा, मग वाट बघायची, हात नाय लावायचा. मी म्हटलं, ते आलंच. तेव्हा माझा अंगठा ओघळावर होता.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

अंगठ्याचा ठसा उमटला. पंखाच्या अगदी मधोमध. ओघळ आणि ठसा दोन्ही घालवण्यासाठी ऋतिकाचा नेलपॉलिश रिमूव्हर कापसाला लावून पुसलं. रंग छान निघाला. त्याखालचं प्लास्टिकही निघालं. ते मऊ होऊन कापसाला चिकटलं आणि कापूस प्लास्टिकला. ओढून पाहिला, निघत नाही.

पंखाला दाढी आली आहे.

शनिवार, २० सप्टेंबर

धीर सोडलेला नाही. दाढी पॉलिशपेपरने घासून काढली. पंखावरच्या बारीक रेषाही गेल्या. नवीन विमानं गुळगुळीतच असतात.

पुन्हा रंग. पण वाळेना. विरारची हवाच दमट, त्याला मी काय करणार? उद्या सर्वपित्री अमावास्या. माझी मोठी बहीण अक्का जूचंद्रहून येणार. तिने हा पसारा बघितला तर प्रश्न विचारणार. आणि अक्काचे प्रश्न नको. ऋतिका ख्रिश्चन घरात जाणार या गोष्टीला ती कशीबशी 'बरं' म्हणाली आहे. ते 'बरं' जपायला हवं.

तेव्हा आठवलं. ऑफिसातल्या जितेशचा मोबाइल पाण्यात पडला, त्याने तांदळात ठेवला आणि तो सुरू झाला. तांदूळ ओल शोषतो. विज्ञान! विमान तांदळाच्या मोठ्या डब्यात खोल पुरलं, वर झाकण घट्ट लावलं. एका दगडात दोन पक्षी.

रविवार, २१ सप्टेंबर, सकाळ

जयवंती उठायच्या आत विमान काढलं. वाळलं आहे. पोटाला थोडे तांदूळ चिकटले आहेत. दोन उपटले तर रंगासकट आले. बाकीचे राहू दिले. लांबून रिव्हेटसारखे वाटतात.

त्याच दिवशी, दुपार

वाईट झालं.

गच्चीवर नानांचं, आमच्या वडिलांचं, पान ठेवलं. भात, वरण, खीर, वडे, भाजी, सगळं. कावळे टाकीवर ओळीने बसलेले. एकही खाली येईना. एक आला, भाताजवळ चोच नेली आणि उडून गेला. अक्का हात जोडून म्हणाली, नाना, कशात जीव अडकलाय? गावच्या घराची कौलं बदलतो. नाही शिवला. दरवर्षी पान नीट मांडू. नाही शिवला. मग अक्काला रडू फुटलं. म्हणाली, नाना, नात ख्रिश्चनाच्या घरी जाऊ नये असं असेल तर थांबवतो हो, थांबवतो.

आणि कावळा उतरला. भाताला बगल देऊन वडा उचलला आणि गेला.

अक्काने माझ्याकडे बघितलं. जयवंतीने पदर तोंडाला लावला. ऋतिका जिना उतरून खाली गेली.

आता खरं काय ते. भात वाढताना मी वाकलो होतो तेव्हा मला वास आला होता. स्प्रेच्या रंगातल्या थिनरचा. तसा आठवडाभर घरभर तोच वास आहे, त्यामुळे कोणाला वेगळा कळला नसावा. बोलणारच होतो. पण अक्का रडत होती. रडणाऱ्या बाईला थांबवून थिनरबद्दल बोलणं बरं दिसत नाही.

जेवताना भात कोणाच्याच घशाखाली उतरला नाही. सगळ्यांनी कारण एकच धरलं, दुःख. मीही दुःखच म्हणालो.

सोमवार, २२ सप्टेंबर

लग्न थांबवायचं म्हणून अक्काने सगळ्या भाऊबंदांना फोन केले आहेत. ऋतिका ऑफिसला गेली नाही. खोलीचं दार लावून फोनवर बोलत होती. बोलत कमीच होती.

नुसतं सांगण्यापेक्षा पुरावा असलेला बरा. म्हणून सकाळी दुकानातून नवा तांदूळ आणून गुपचूप भात शिजवला आणि गच्चीवर ठेवला. कावळ्याने खाल्ला असता की सगळ्यांना वर बोलावणार होतो. कबुतरं आली. सगळा फस्त केला. कबुतरांच्या साक्षीचा उपयोग नाही.

मंगळवार, २३ सप्टेंबर

अँथनींचा फोन. एरॉलकडून त्यांना सगळं कळलंय. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त वाईट. म्हणाले, आमच्यात कावळा नाय शिवत, आमच्यात मानूस तोंडानं बोलतो. तुमच्या मनात काय हाय ते तुमी बोला. शुक्रवारपर्यंत सांगा, मना फादरना कळवायला पाहिजे.

मी म्हटलं, तुम्ही काळजी करू नका, विमान अगदी झकास झालंय.

मग त्यांनी फोन ठेवला.

बुधवार, २४ सप्टेंबर

शांतपणे विचार केला. मी तांदळाबद्दल सांगितलं की पहिला प्रश्न येणार, विमान तांदळात का? मग विमान बघायला मागणार. विमान असं बघितलं तर माझ्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? तेव्हा आधी विमान नीट करणं हाच सरळ मार्ग. मग कबुली. तीही उद्याच.

संध्याकाळी पंखांवर खोक्यासोबत आलेल्या तिरंगी चकत्या लावल्या. पाण्यात भिजवून सरकवायच्या असतात. एक विमानावर सरकली, एक मनगटावर. वरून चकाकीसाठी व्हार्निशचा हात मारला. दमट हवेत व्हार्निश पांढरं पडलं. पूर्ण विमान दुधी. मोठ्या धीराने पुसायला गेलो तर चकतीही निघाली.

मी बाल्कनीत असताना जयवंतीने तांदळाचा डबा पेपरवर उपडा केला. म्हणाली, किडे झालेत का बघते. मी आत गेलोच नाही. थोड्या वेळाने तांदूळ निवडल्याचा आवाज थांबला.

गुरुवार, २५ सप्टेंबर

आज सांगायचं ठरवलं होतं. तेवढ्यात ऋतिकाच माझ्यासमोर येऊन बसली. विमान टेबलावर होतं, मी त्यावर रुमाल टाकला. तिने रुमालाकडे बघितलं नाही. विचारलं, बाबा, तुम्हाला काय वाटतं? कावळा का शिवला नसेल?

केवढी चांगली संधी होती! पण असं एकदम अंगावर आलं की माणूस गांगरतो. मी म्हटलं, अशा गोष्टीत आपण काय बोलणार, उद्या अक्का येतेय, मोठी माणसं ठरवतील.

ती म्हणाली, तुम्ही छप्पन्न वर्षांचे आहात बाबा.

आणखी काही विचारेल असं वाटलं. नाही विचारलं. उठून गेली.

रात्री जेवण गेलं नाही. अ‍ॅसिडिटी असावी.

नाही. अ‍ॅसिडिटी नाही. तिचं लग्न मोडलं तर ते माझ्यामुळे मोडेल. हे लिहून ठेवतो म्हणजे उद्या मागे फिरता येणार नाही.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

सांगितलं! एकदाचं सांगितलं.

अक्का आली, सोफ्यावर बसली. जयवंती चहा टाकत होती, ऋतिका खिडकीत. मी आत जाऊन विमान घेऊन आलो, रुमालाशिवाय. अक्काच्या समोर ते उलटं धरलं, म्हणजे पोटाचे तांदूळ दिसावेत. आणि उभ्यानेच सगळं बोललो. डबा, थिनर, भात, कावळा. नानांचा यात काही संबंध नाही, दोष असेल तर माझा. ऋतिकाचं लग्न थांबवायचं काही कारण नाही. शेवटी आवाज फुटला, पण मुद्दे सगळे आले.

अक्का म्हणाली, खाली बस रे दिनू, चहा गार होईल.

जयवंतीने बुधवारीच तिला फोन केला होता. डब्याच्या तळाला चंदेरी पापुद्रे सापडले, वासही होता. अक्काने काल पाचूबंदरला फोन करून अँथनींची माफी मागितली. अँथनी म्हणाले, चालायचंच, पुराण्या मानसांचं असतंच काही ना काही. आज अक्का ठरवाठरवीसाठी आलीच नव्हती. ऋतिकाला द्यायच्या पाटल्या तिच्या हाताला होतात का ते बघायला आली होती. होतात.

माझ्या हातातल्या विमानाकडे तिने एकदाच बघितलं. विचारलं, हे अँथनींना द्यायचंय? मग पुन्हा पाटल्यांकडे वळली.

मी चहा घेतला. मनावरचं ओझं उतरलं म्हणतात ते हेच, असा विचार करत होतो. मग अर्ध्या कपावर लक्षात आलं. जयवंतीला बुधवारी कळलं. तिने ऋतिकाला त्याच दिवशी सांगितलं असणार. आणि ऋतिका माझ्यासमोर येऊन बसली ती गुरुवारी.

म्हणजे विचारलं तेव्हा तिला माहीत होतं.

तिला कावळ्याचं उत्तर नको होतं. मी बोलतो का, एवढंच बघायचं होतं तिला. आणि मी मोठी माणसं ठरवतील म्हणालो.

फार वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही.

रविवार, २८ सप्टेंबर

साखरपुडा झाला. ऋतिका छान दिसत होती. अक्का आणि फेलिशियाबाई शेजारी शेजारी बसून कोळंबीच्या भावावर बोलत होत्या. केटररने मूळ मेनूच ठेवला होता आणि लोकांना आवडला.

विमान मी नेलं नाही. स्टेजजवळ टेबल मात्र मांडलं होतं, वर पांढरी चादर आणि मधली जागा रिकामी. अँथनींचा भाऊ आग्नेल, गप्पिष्ट माणूस, सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, अरे, व्याह्यांचं विमान कुठाय? आमी ते बघायला आलोय. पन्नास माणसं माझ्याकडे बघायला लागली. अँथनीही बघत होते.

ऋतिका म्हणाली, बाबांनी फार सुंदर केलंय, फक्त अजून वाळलेलं नाही. माझ्याकडे न बघता म्हणाली. एरॉलने मान डोलावली. लोक म्हणाले, हवाच तशी आहे.

ही मुलगी कधी खोटं बोलत नाही. चौथीत असताना मी करून दिलेला प्रोजेक्ट तिने बाईंना 'बाबांनी केलाय' म्हणून सांगितला होता. आज सहज बोलली, अगदी माझ्यासारखी. आणि माझ्यासाठी बोलली. ते ऐकताना मान वर करता आली नाही.

मी उठून सगळ्यांसमोर खरं सांगणार होतो. अगदी उठलोही होतो. तेवढ्यात जेवायला बोलावलं.