हातभर खोल

सोमवार

लागलं बाबा एकदाचं सामान! घर दोन खोल्यांचं, स्वयंपाकघरातली एक फरशी डुगडुगते, पण मागचं अंगण बघून मी सगळं माफ केलं. एवढं गवत आणि माझा मेटल डिटेक्टर! खोक्यातून मशीन काढलं आणि आधी नवऱ्याच्या उजव्या गुडघ्यावर धरलं. अपघातानंतर तिथे धातूची पट्टी बसवलीय, त्यामुळे मशीन दोनदा तुटक आणि एकदा लांब किंचाळतं. दुसऱ्या कशावरही ते असं वाजत नाही. आमची स्वारी दरवेळी चिडते आणि दरवेळी स्वतःच पाय पुढे करते.

घरमालकीणबाईंनी किल्ली देताना बजावलं, की फुलझाडं खुशाल लावा, पण वीतभरापेक्षा खाली खणू नका. पाण्याचे पाइप असतील. मी हो म्हणाले. माझं हो म्हणजे काय, ते माझ्या आईला विचारावं.

बुधवार

मोठ्याने वाजतं ते वरवरचं पत्र्याचं झाकण असतं. खोलवरचं नाणं नुसतं कुजबुजतं, हेडफोन लावून श्वास धरून ऐकावं लागतं. आज अशा दोन कुजबुजी मिळाल्या, शेजारी शेजारी. इतकं खोल म्हणजे जुनंच असणार! खणून खणून कंबरेचा काटा ढिला झाला. शेवटी पालथी पडून हात खांद्यापर्यंत घातला. दोन्ही नाणी छापा खाली करून ठेवल्यासारखी. धुतली, आणि कपाळावर हात मारून घेतला. याच वर्षीची! बाजारात रोज देतो-घेतो तसली. आमची स्वारी म्हणाली, खजिना मिळाला, उद्याच राजीनामा देतो.

खड्डे बुजवून गवताचे चौकोन जिथल्या तिथे बसवले. मागे खूण ठेवायची नाही, हा आम्हा नाणी शोधणाऱ्यांचा नियम. इतकं बेमालूम जमलं की नंतर मलाच जागा सापडेना. फार अभिमान वाटला.

शुक्रवार

अंगणात कपडे वाळत घालताना पाय रुततात, नवरा म्हणतो. जमीन तर खडखडीत कोरडी आहे. मी म्हटलं, पोट कमी कर. हसला नाही. कोणीतरी खालून चपला ओढतंय असं वाटतं म्हणाला.

शनिवार

तो नाही.

सकाळी कपडे वाळत घालायला गेला. बादली तिथेच, अर्धे कपडे ओलेच, गवतात चपला. फाटकाला आतून कडी. पोलीस म्हणाले, मोठा माणूस आहे, रागावून गेला असेल, येईल. अनवाणी? ओल्या हातांनी?

रविवार

वेड लागल्यासारखं अंगणभर मशीन फिरवलं. कपड्यांच्या दोरीखाली वाजलं. अगदी बारीक, पण तेच. दोन तुटक, एक लांब.

खणलं. माझ्या कंबरेइतकं खणलं. आवाज पुढे सरकतो.

या अंगणातून मी काढलं ते एवढंच, ती दोन नाणी घेऊन घरमालकीणबाईंकडे धावले. नाणी बघून त्यांनी सगळं सांगून टाकलं. आम्ही दिलेल्या आगाऊ भाड्यातली दोन नाणी त्यांनीच पुरली होती, आम्ही यायच्या आधी. घरात जेवढी माणसं तेवढी नाणी, त्या माणसांच्याच हातून आलेली, हातभर खोल. जमीन नाण्यालाच माणूस समजते, मग माणूस मागत नाही. आधी सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता, म्हणाल्या. हसलेच असते. मी पाया पडले, उपाय विचारला. जिथलं नाणं तिथेच परत ठेव, म्हणाल्या, दुसऱ्या जागी चालत नाही.

जिथलं तिथे! आणि मी मेलीने खूणच ठेवली नाही.

सोमवार

अंगण सगळं उकरलं. कुठलीही माती सारखीच दिसते. नखं गेली. नाण्याच्या जागेवर मशीन वाजेल कसं, नाणं माझ्या मुठीत —

पाय रुततात. आता माझेही.

मंगळवार

आवाज घराखाली आलाय. स्वयंपाकघरात, डुगडुगत्या फरशीच्या खाली, जवळ, हातभरच. तो वर येतोय! तुझ्या पाया पडते, ये रे. पुन्हा कध्धी गुडघ्यावरून चिडवणार नाही. मशीन तिथेच चालू ठेवलंय, हेडफोन काढून टाकला. पहार आणते.

फरशी निघाली. खाली पोकळ. दोन्ही नाणी मुठीत धरून हात घातलाय, खांद्यापर्यंत. डाव्या हाताने लिहितेय. त्याचं घ्या, माझं घ्या, मलाच घ्या, पण त्याला —

बोटं लागली!

नाणी घेतली. हात धरलाय माझा. घट्ट. गार पडलाय बिचारा. आहे, जिवंत आहे! ओढतेय मी. जड आहे. थांब रे, सोडू नकोस, मी आहे —

मशीन हळू का वाजतंय

दोन तुटक एक लांब. बारीक. आणखी बारीक. तो तर खाली चाललाय. खोल.

मग हा हात