पाण्यात म्हणायचं गाणं

क्लबची खोली,
ता. ६ जानेवारी

चि. दातकाढ्यास,
अ. उ. आ.

इकडे मी मजेत. तू आणि तुझ्या दवाखान्यातली ती कुरकुरणारी खुर्ची, दोघंही ठीक असाल असं धरून चालते. आता कामाचं. मी पुन्हा खाडी पोहणार आहे. किंचाळू नकोस, समोर कुणीतरी आ करून बसलं असेल.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, या काठावरून थेट दीपगृहाच्या बेटापर्यंत. क्लबनं नवा नियम काढलाय की पुढच्या वर्षापासून पन्नाशी उलटलेल्यांना परवानगी नाही. मला बावन्नावं लागलंय. म्हणजे जे काय व्हायचं ते आत्ताच. नाहीतर मी म्हणजे तलावात लहान मुलांना फळी धरून पाय मारायला शिकवणारी ती बाई, जिनं खाडीत मधेच हात वर करून हार मानली. मुलांना शिकवणं मला मनापासून आवडतं रे, पण ते पुढचं शेपूट मला नकोय.

गेल्या खेपेचं तुला मी कधी धड सांगितलंच नाही. दीपगृहाच्या खिडक्या दिसत होत्या, इतकं जवळ. पाणी उलटं फिरलं, हात शिशाचे झाले आणि डोकं रिकामं. पाण्यात सोबत कोण असतं? कानात मेण, डोळ्यांपुढे हिरवट अंधार. स्वतःच्या डोक्यात जे वाजेल तेवढंच. मी सकाळपासून आपलं कवायतीचं गाणं म्हणत होते, ते कर्णे आणि ढोलवालं. ऐन वेळी तेही बंद पडलं.

म्हणून तू बोटीत पाहिजेस. मोठी पाटी घ्यायची, तिच्यावर गाण्याची पहिली ओळ लिहायची आणि मी श्वासाला मान वळवली की दाखवायची. घरातली सगळी गाणी तुला पाठ आहेत. दाढ सोपी असली की तू शीळ घालतोस आणि अवघड असली की गुणगुणतोस, हे तुझ्या रुग्णांनाही ठाऊक आहे म्हणे. आईला यातलं एक अक्षर कळवू नकोस. उत्तर लगेच टाक, आणि ते हो असंच असू दे.

तुझी,
ताई


दवाखाना,
ता. १५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी ज्या गृहस्थांच्या दातात सिमेंट भरत होतो ते अर्धा तास जास्त आ करून बसले. त्यांची माफी तूच माग.

ताई, मला पोहता येत नाही, बोट लागते आणि खोल पाणी नुसतं चित्रात दिसलं तरी मी पान उलटतो. हे सगळं तुला माहीत असून तू मलाच बोलावतेस, याला धाडस म्हणावं की छळ? असो. येतो. तू हात वर केलास त्या दिवशी मी इथे खुर्ची पुसत बसलो होतो, हे मला अजून खुपतं.

गाण्यांचं म्हणशील तर मी जोशात कामाला लागलोय. कवायतीचं आहेच. शिवाय सूर्याला हाक मारणारं, वादळाला आव्हान देणारं, आणि ते शेवटी सगळे मिळून ओरडतात ते. नुसती आठवली तरी माझी छाती फुगते. परवा अक्कलदाढ काढताना वादळवालं म्हणत होतो, तर दाढ एका झटक्यात बाहेर! रुग्णानं टाळ्या वाजवल्या, म्हणजे वाजवल्या असत्या, पण त्याला जरा गरगरत होतं.

एक गोष्ट मात्र झाली आहे. आईला दर आठवड्याचं पत्र लिहायला बसलो आणि हातून सगळं लिहून गेलं. फोनवर तिला ऐकू येत नाही, म्हणून ही पत्रांची सवय लागली आणि पत्रात मला खोटं जमत नाही. आता तिच्या पत्राची वाट बघ आणि जमल्यास डोक्यावर काहीतरी घालून वाच.

माया कमी करू नकोस, एवढीच विनंती.

तुझा,
दातकाढ्या


घर,
ता. २ फेब्रुवारी

चि. मोठीस,
आईचे आशीर्वाद.

मला न सांगता खाडी पोहायला निघालीस? शाबास! धाकट्यानं कळवलं. त्याच्यावर चिडू नकोस, जन्मापासून त्याच्या पोटात काही राहत नाही. दोन दिवस मी तुझ्यावर इतकी रागावले होते की भाजीत दोनदा मीठ घातलं. तिसऱ्या दिवशी वाटलं, आपण नको म्हटलं म्हणून ही कधी थांबली आहे?

त्यानं गाण्यांचंही लिहिलंय. आता माझं ऐक. माझे कान गेले तेव्हा मला वाटलं, संपलं, गाणी गेली. पण तसं झालं नाही. पहिल्यांदा गेली ती मोठी बाजावाली. ती कर्ण्यांच्या आणि ढोलांच्या जिवावर उभी असतात. ते वाजायचे बंद झाले की ती मटकन खाली बसतात. मागे राहिली ती माझ्या स्वतःच्या गळ्यातली, काम करताना म्हटलेली. ती अजून जशीच्या तशी आहेत, एक सूर इकडचा तिकडे नाही. पाण्यात तुझेही कान बंद. म्हणजे तू माझ्या मुलखात येते आहेस. इथलं मला विचार, त्या दातवाल्याला काय कळतंय?

ते कवायतीचं गाणं मला चांगलं आठवतं. ते लागलं की तू जिन्याच्या दोन दोन पायऱ्या उडी मारून चढायचीस आणि वर पोचलीस की लालबुंद होऊन भिंतीला टेकायचीस. पाण्यातही तू तेच केलं असणार. आधी उधळलीस आणि गरजेच्या वेळी हातात काही उरलं नाही. ताकदीला तू कमी नव्हतीस गं, गाणंच चुकीचं होतं.

मी तंबू शिवायची तेव्हाचं म्हण. मशीनवर पाय मारत म्हणायची ते. तुझे हात तसेच चालले पाहिजेत.

सुई गं सुई, चाल तू हळू,
एक टाका घालू, मग दुसऱ्याकडे वळू.
कापड लांब, दोरा लांब,
कोण म्हणतं इथेच थांब?

रोज तलावात म्हणून बघ आणि मला खरं काय ते कळव. पाण्यातून बाहेर आल्यावर डोकं नीट पुसत जा.

तुझी,
आई


क्लबची खोली,
ता. १६ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा घाबरत, दुसऱ्यांदा हसत आणि तिसऱ्यांदा दार लावून, कारण डोळे भरून आले होते.

खरं सांग म्हणालीस, तर ऐक. पहिल्या दिवशी मला तुझं गाणं अगदी मिळमिळीत वाटलं. सुई काय, टाका काय, यानं कुणाला स्फुरण चढणार? दुसऱ्या दिवशीही तेच. पण चौथ्या की पाचव्या दिवशी मी गाणं म्हणतेय हेच विसरले. हात आपोआप पडत होते, एक टाका, दुसरा टाका. क्लबच्या पोहण्याच्या सरांनी बाहेर काढलं तेव्हा ते घड्याळाकडे बघत होते. ते म्हणाले की सुरुवातीचा आणि शेवटचा वेग तंतोतंत सारखा आला आहे, आणि मी काय खाल्लं होतं असं विचारलं. मी सांगितलं की आईनं शिवण शिकवलंय. त्यांना काही कळलं नाही.

आई, या वेळी मी पोचते. उगीच बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये, माझ्या दंडांना ते कळलंय. धाकट्याला मात्र तू समजाव. तो अजून वादळवालं गाणं पाटीवर रंगवतोय.

तुझा हात पाठीवर असाच राहू दे.

तुझी,
मोठी


क्लबची खोली,
ता. ११ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पोचली! आधी हे लिहून टाकतो, म्हणजे तू पुढचं शांतपणे वाचशील.

पहाटे ताई पाण्यात उतरली आणि थोड्याच वेळात मला बोट लागली. बोटीच्या एका कडेला मी वाकलेला, दुसऱ्या कडेला ताई पोहत होती. बोटवाले काका म्हणाले की इतक्या वर्षांत पोहणारीपेक्षा सोबतीचा माणूस जास्त दमलेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. क्लबच्या निरीक्षक बाई शिट्टी गळ्यात अडकवून बसल्या होत्या. त्यांना हसायला मनाई असावी, पण त्या हसल्या.

ताई मात्र! आई, तू बघायला हवी होतीस. घाई नाही, धडपड नाही, एकामागून एक हात. मी वादळवाली पाटी दाखवली की ती मान हलवायची. काठीला बांधलेल्या बाटलीतून गरम पेय दिलं की दोन घोट प्यायची आणि निघायची. दुपारपर्यंत मी पाटी खाली ठेवून नुसता तिच्याकडे बघत होतो.

मग ती जागा आली. दीपगृहाच्या खिडक्या दिसायला लागल्या आणि पाणी उलटं फिरलं. ताई पोहत होती, पण बेट जवळ येईना. बराच वेळ असं चाललं आणि ती थांबली. ती बोटीच्या अगदी कडेशी आली. बोटीला किंवा माणसाला हात लागला की सगळं बाद. मी माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो, आई. सख्ख्या बहिणीला हात द्यायचा नाही, याच्याइतकं अवघड काम मी आजवर केलेलं नाही.

तर ती काय म्हणाली असेल? थकले असं नाही की सोडते असंही नाही. तिनं विचारलं की त्या गाण्याचं पुढचं कडवं काय आहे. सकाळपासून तेच एक कडवं म्हणून म्हणून ते पार झिजलंय म्हणे, आता त्यानं हात हलत नाहीत. मी आठवायला गेलो तर मलाही येईना. तू म्हणायचीस ते तेवढंच माझ्या डोक्यात. आता भर खाडीत तुला कुठे विचारू? मी पाटी पुसली आणि जे सुचलं ते लिहिलं.

दाढ गं दाढ, रडू नको फार,
थोडंच उरलंय, होशील पार.
आ कर मोठा, श्वास घे लांब,
डॉक्टर सांगेल तेव्हाच थांब!

निरीक्षक बाईंनी पाटीकडे पाहिलं, नियमांची चोपडी चाळली आणि म्हणाल्या की वाईट कवितेबद्दल यात काही लिहिलेलं नाही. ताईनं वाचलं. ती इतकी हसली की तिच्या नाकातोंडात पाणी गेलं, ठसका लागला, मला एक शिवी दिली आणि निघाली. मी उभा राहून ते कडवं बेंबीच्या देठापासून ओरडत होतो. तिला ऐकू येत नाही हे माहीत असून. मग बोटवाले काका ओरडायला लागले. शेवटी निरीक्षक बाईसुद्धा.

दगडांवरून ती गुडघ्यांवर रांगत बाहेर आली आणि मग स्वतःच्या पायांवर सरळ उभी राहिली. शिट्टी वाजली. मी रडलो, लपवत नाही. आता ती शेजारच्या खाटेवर घोरत पडली आहे. झोपण्याआधी तिनं बजावलंय की खरं दुसरं कडवं आईकडून मागवून घे, तुझं ते दाढेचं मी पुन्हा तोंडात धरणार नाही.

आशीर्वाद असू दे. आणि हो, आता मी जन्मात बोटीत बसणार नाही.

तुझा,
धाकटा


घर,
ता. १८ मार्च

चि. मोठीस आणि चि. धाकट्यास,
आईचे पोटभर आशीर्वाद.

धाकट्याचं पत्र आलं. पहिली ओळ वाचली आणि मी खुर्चीत बसले. बाकीचं तासाभरानं वाचलं.

दुसरं कडवं मागताय, ते कुठून देऊ? ते नाहीच. हे गाणं कुठून आलेलं नाही रे बाळांनो, माझंच आहे. तंबूंचं कापड मी घरी आणायची. तुम्ही दोघं मशीनच्या दोन बाजूंना आडवे व्हायचात. दिवसभराच्या कामानं माझाही जीव मेटाकुटीला आलेला असायचा. स्वतःला जागं ठेवायला मी शब्द जुळवायची. चौथ्या ओळीशी येईतो तुम्ही झोपलेले असायचात आणि मग मी तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत शिवण संपवायची. माझं त्यावर भागलं. मोठी माझ्याही पुढे गेली, तिला जास्त लागलं, आणि ते धाकट्यानं दिलं. मला याच्याहून काय हवं होतं?

दाढेचं कडवं मला पसंत आहे. आता तेच खरं दुसरं कडवं, यावर वाद नको. दोघं रजा काढून या. मला पत्रात नाही, समोर बसून सगळं सांगा, सावकाश बोला म्हणजे मला ओठांवरून कळेल. तोवर जिवाला जपा आणि या म्हातारीची आठवण ठेवा.

काल खिडकीत उभी राहून मी दोन्ही कडवी म्हटली. किती मोठ्यानं म्हटली ते मला कळत नाही, पण खालची शेजारीण हातातलं काम टाकून धावत वर आली. काय झालं, काय झालं, असं तिच्या ओठांवर दिसत होतं. मी तिला सांगितलं, काही नाही गं, माझी पोरगी पोचली.

तुमची,
आई