अधिकाच्या वाणात बारा कमी

ग्योतोकु, जपान,
रविवार, २४ जून २००७

ती. मोरूमामांना अश्लेषाचा नमस्कार.

डोळ्याची पट्टी निघाली का? मोतीबिंदूनंतर महिनाभर वाचायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणजे हे पत्र मामीच वाचून दाखवत असणार. म्हणून अक्षर मोठं काढलंय. मामी, गाळू नकोस, सगळं वाच.

आम्ही ठीक. नुपूरची शाळा एदोगावात, अनुपचं ऑफिस तोयोसूला, माझी अर्धवेळ नोकरी इथेच. फोन सोडून पत्र कशाला, म्हणाल. इथल्या भिंती पापडासारख्या, आणि ईमेलचा पासवर्ड अनुपला पाठ आहे.

अधिकाचं वाण पोचलं. बाबा गेल्यापासून जावयाचं वाण तुम्हीच देता, तेही इतक्या लांब पाठवून, याचं मला फार अप्रूप. अनारसे खुसखुशीत होते. फक्त अधिकात जावयाला तेहेतीस देतात, आणि डब्यात निघाले एकवीस. अनुप म्हणाला, "अगं, बारा ऑफिसात वाटले. तानाका-सानना फार आवडले." अहो, जो माणूस पाहुण्यांपुढे चिवडा ठेवताना हात आखडता घेतो, तो डबा फोडून अनारसे वाटेल? पार्सल आणायला पोस्टातही तो स्वतःच गेला होता. एरवी "तूच जा, तुला जपानी येतं" म्हणणारा!

त्याचं ते खेळण्यातलं पिस्तूल तुम्हाला माहीतच आहे. गॅसवर चालतं, प्लॅस्टिकच्या गोळ्या मारतं. रविवारी ऑफिसातली बाप्ये माणसं चिबाच्या रानात जाऊन एकमेकांवर झाडतात. मी म्हटलं, खेळा बाबांनो, दारूपेक्षा बरं.

गेल्या आठवड्यात नुपूरनं त्याची पिशवी उचलली आणि म्हणाली, "पापाचं ओमोई झालं." ओमोई म्हणजे जड. पोरगी मराठीत सुरू करते नि जपानीत संपवते, पण बोलते ते खरं. मनात पाल चुकचुकली. अनुप ऑफिसला गेल्यावर मी पिस्तूल बाहेर काढलं.

सुट्टीत तुमच्याकडे राहायला यायचे तेव्हा तुम्ही खडकीच्या कारखान्यातल्या गोष्टी सांगायचात. हत्यारं तपासणारा मामा म्हणून मी शाळेत केवढा भाव खायचे! "झीज डोळ्याला दिसायच्या आधी फडक्याला दिसते," हे तुमचंच. तसंच केलं. गोळ्या काढून ठेवल्या, वरचा सरकता भाग, ती स्लाइड, उतरवली. मूळची प्लॅस्टिकची होती. ही धातूची. खालचा सांगाडा मात्र तोच, प्लॅस्टिकचा. स्लाइड ज्या कडांवर घासते तिथून पांढरं फडकं फिरवलं तर राखाडी भुकटी आली, उजवीकडे जास्त. म्हणजे ती तिरकी चालतेय. पिनेच्या भोकाशी प्लॅस्टिक पांढरं पडलंय आणि नखाला लागेल अशी बारीक चीर आहे. तुमच्या टेबलावर आलं असतं तर तुम्ही नापास केलं असतंत.

पण झीज गेली खड्ड्यात. इथे पिस्तुलाचं खेळणं धातूचं केलं की ते खेळणं राहत नाही, गुन्हा होतो. अनुपला हे पक्कं ठाऊक आहे. तरी ते पाठीवर टाकून सायकलनं स्टेशनला जातो, आणि परदेशी माणूस दिसला की इथले पोलीस सायकल थांबवतात. मंगळवारी तर चौकीतला पोलीस आमच्या दारातच उभा होता, घरोघरची माहिती लिहून घेत. फार गोड बोलला. मुलगी कुठे शिकते, नवरा काय करतो. मी उत्तरं देत होते, आणि ते पिस्तूल माझ्या डोक्यावरच्या फळीवर. ते सापडलं असतं तर अनुप आत, व्हिसा गेला, नोकरी गेली, नुपूरची शाळा गेली.

आधी तानाका-सानवर संशय घेतला, रविवारी रानात तेही असतात. मग वाटलं, बाहेरून मागवलं असेल. अनुपचे खिसे तपासले, फोन तपासला. लाज वाटली, तरी तपासला. काही मिळालं नाही. मग स्लाइड उलटी करून आतून पुसली. कोपऱ्यात पंचनं ठोकलेले तीन ठिपके होते, त्रिकोणात.

स्वयंपाकघरात गेले आणि लग्नात तुम्ही करून दिलेला सोऱ्या काढला. बुडाशी बघितलं. हातानं केलेल्या प्रत्येक वस्तूवर तुम्ही ठोकता, तेच तीन ठिपके.

किती जागा लागली डब्यात? बारा अनारशांएवढी?

जावयाचे लाड करावेत, कोण नको म्हणतंय. तुम्ही दोघं फोनवर तास तास बोलायचात तेव्हा मला बरं वाटायचं. वाटायचं, बाबांच्या जागी कुणीतरी आहे. तर तेव्हा हे शिजत होतं! मला फार राग आलाय, मामा. लिहिताना रडूही येतंय.

जुनी प्लॅस्टिकची स्लाइड त्याच्या बुटांच्या खोक्यात सापडली. तीच पुन्हा बसवली. आज सकाळी तो तसंच पिस्तूल घेऊन गेला. धातूची कुठे आहे ते अनुपला सांगितलेलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही.

आत्ताच आला. पिशवी ठेवली, माझ्याकडे बघितलं, मग टेबलावर मुद्दाम मांडलेल्या सोऱ्याकडे बघितलं. "चहा आहे का?" म्हणाला. बस्स. विचारणार तरी कुठल्या तोंडानं?

मामी, इथवर वाचलंस. आता मामांना पाणी दे आणि तूही घे. वाण तूच भरलं होतंस ना? तेहेतीस मोजून? तुझ्या हातून वाणात चूक व्हायची नाही, हे मला डबा उघडला तेव्हाच माहीत होतं. तू भरल्यावर तो कुणी उघडला, एवढं समोर बसलेल्या माणसाला विचार. काय सांगतात ते तुझ्या अक्षरात कळव.

वर मामांना केलेला नमस्कार मनापासूनचा आहे. शेवटचा मात्र तुझं उत्तर आल्यावर करीन.

तुझी,
अश्लेषा